गळ्यातल्या चार मसुरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी एकीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. कोणी वाळवणाच्या पदार्थांवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा माझी पाळी आली तेव्हा मी विषय सांगितला, 'गळ्याचे ऑपरेशन'. चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, आनंदाच्या दिवशी ऑपरेशन कशाला?" मी म्हटले, आपल्या मंडळातच कितीतरी जणी सकाळी उठून अनशापोटी थायरॉइडची गोळी घेतात. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांनाच कितीतरी जास्त होते. त्यांतल्या एकदोघींना गाठीसाठी ऑपरेशन सांगितलेले आहे आणि भीतीपोटी त्या ते पुढे ढकलीत आहेत. पदराखाली गळा झाकून दिवस काढायचे, पण बोलायचे नाही! मग मंडळात बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरी मला येत नाही. माझी भाची नाशिकला नर्सिंग शिकते. तिने पुस्तकातले वाचून दाखवले, चित्रे काढून समजावले, आणि मी न कळलेले तिला पुन्हापुन्हा विचारले. ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

आपल्या गळ्यात, कंठाच्या खाली, श्वासनळीला मिठी मारून बसलेली एक ग्रंथी आहे. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. हीच थायरॉइड. ती वाढली की गलगंड दिसतो. ती आपल्या सर्वांना नावाने तरी ठाऊक आहे. पण तिच्या पाठीमागे, दोन पंखांना चिकटून, बहुधा चार बारीक ग्रंथी असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. एकेक आकाराने मसुरीच्या डाळीएवढी. रंग पिवळसर तपकिरी. चारही तराजूत घातल्या तरी सारे वजन एक ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाच्या आतबाहेर. सोनाराच्या काट्यावरसुद्धा नीट लागायचे नाही!

पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान. आपल्या रक्तात कॅल्शियम किती असावे, हे या चार मसुरी ठरवतात. शंभर मिलीलिटर रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम, एवढ्याच मापात ते राहायला हवे. कमी झाले की या ग्रंथी एक रस सोडतात. तो रस हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतो, मूत्रपिंडातून वाया जाणारे अडवतो आणि अन्नातले जास्त शोषले जाईल अशी तजवीज करतो. एखादी शहाणी गृहिणी कणगीतले धान्य आणि रोजचा खर्च यांचा मेळ घालते, तसेच हे काम आहे. थायरॉइडचे काम वेगळे आणि यांचे वेगळे. दोघींचा शेजार आहे, एवढेच.

हा शेजारच घात करतो. थायरॉइड काढताना या शेजारणींना धक्का लागला, किंवा त्यांची रक्ताची वाट तुटली, तर रक्तातले कॅल्शियम उतरते. माझ्या थोरल्या नणंदबाईंचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, असेच झाले. त्यांच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठी होत्या आणि श्वासनळी दाबली जात होती, म्हणून सबंध थायरॉइड काढावी लागली. ऑपरेशन नीट पार पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "ओठांभोवती मुंग्या आल्यासारखे वाटते गं, आणि बोटांची टोके बधिर झाली आहेत." आम्हांला वाटले, पडून पडून झाले असेल. पण तिथली नर्स हुशार. तिने रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून फुगवला आणि दोन-तीन मिनिटे तसाच ठेवला. तेवढ्यात आक्कांचा हात आपोआप वळला. कासाराकडे बांगड्या भरताना आपण अंगठा तळहातात दाबून चारी बोटे जवळ घेऊन लांब करतो ना, अगदी तसा! नर्सने लगेच डॉक्टरांना बोलावले, शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले आणि हात सुटला.

पुष्कळ बायकांचे हे थोड्या आठवड्यांत आपोआप बरे होते. आक्कांचे झाले नाही. आज सात वर्षे त्या रोज कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात. लग्नाकार्याला निघाल्या की आधी गोळ्यांची पुरचुंडी कनवटीला. एखादा डबा विसरला तर चालतो, ती विसरून चालत नाही. डॉक्टरांनी हयगय केली असे मात्र कोणी समजू नये. या ग्रंथी ओळखणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे.

का अवघड, ते आपल्याला चटकन समजेल. आपण धान्य निवडतो. तांदळातला काळा खडा कोणालाही दिसतो. पण तांदळाच्याच रंगाचा पांढरा खडा दाताखाली येईपर्यंत कळत नाही. गळ्यातही पिवळसर चरबी असते, लहान लहान गाठी असतात, थायरॉइडचेच सुटे तुकडे असतात. त्यांत ही मसूर मिसळून जाते. शिवाय तिची जागाही प्रत्येकीत सारखी नसते. कोणाची वर, कोणाची पार छातीकडे सरकलेली. कोणाला चारच्या जागी तीन, कोणाला पाच. ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी करतात, पण निरोगी पॅराथायरॉइड एवढी बारीक की बहुधा सोनोग्राफीत दिसत नाही. ती सुजून मोठी झाली असेल तरच दिसते. अशा सुजलेल्या ग्रंथीचा शोध घ्यायला किरणोत्सर्गी औषध टोचून चित्र घेण्याचीही रीत आहे. पण थायरॉइड काढताना निरोगी ग्रंथी वाचवायच्या असतात, आणि तिथे शतकभर तरी सर्जनचे डोळे आणि बोटे हेच साधन होते.

या ग्रंथींचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. त्या प्रथम दिसल्या त्या माणसाच्या गळ्यात नव्हे, आपल्या हिंदुस्थानातल्या गेंड्याच्या गळ्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली एक भारतीय गेंडा घेतला होता. तो १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचे शवविच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळा गोळा त्यांना दिसला आणि त्यांनी तो नोंदवून ठेवला. पुढे स्वीडनमधल्या उप्साला गावी इवार सँडस्ट्रम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने पन्नास मृतदेह तपासून माणसातही या ग्रंथी असतात हे १८८० साली छापून सांगितले. पॅराथायरॉइड हे नाव त्यांनीच दिले. पण त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. युरोपात सबंध थायरॉइड काढलेल्या रुग्णांचे हातपाय वळत, झटके येत, काही दगावत. कारण कोणाला उमगत नव्हते. ग्रंथी ठाऊक झाली होती, दुखणेही ठाऊक होते, पण दोहोंची गाठ पडायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१९०९ हे साल मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे मॅक्कॅलम आणि फोग्टलिन या दोघांनी दाखवून दिले की, पॅराथायरॉइड काढलेल्या कुत्र्याला झटके येतात आणि कॅल्शियम दिले की ते थांबतात. त्याच साली स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी या ऑपरेशनात पुष्कळ लोक मरत. कोखर यांनी सावकाश, रक्त न सांडता, नीट पाहून काम करण्याची शिस्त घालून दिली आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. आणि त्याच १९०९ साली आपल्या पुण्यात रमाबाई रानडे यांचे सेवासदन सुरू झाले. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म आपल्या निफाडचा, १८४२ सालचा, हे आपण अभिमानाने सांगतो. रमाबाईंच्या सेवासदनाने बायकांना नर्सिंगचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. ऑपरेशन सर्जन करतो, पण रात्री उशाशी बसून हाताची बोटे वळतात का, हे पाहते ती नर्स. आक्कांचा हात ओळखणारी मुलगीही त्याच परंपरेतली.

आता खऱ्या नवलाकडे येते. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तिथे अनिता महादेवन-जॅन्सन या संशोधक बाई आहेत. त्या डॉक्टर नव्हेत. मुंबई विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून त्या परदेशी गेल्या आणि प्रकाशाचा उपयोग वैद्यकात कसा करावा, याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, डोळ्यांना न दिसणारा एक तांबडाबाहेरचा प्रकाश गळ्यातल्या ऊतींवर सोडला, तर पॅराथायरॉइड आपली आपण चमकते. शेजारच्या थायरॉइडपेक्षा कित्येक पटीने जास्त! टोचणी नको, रंग नको, औषध नको. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या द्रव्यामुळे ती चमकते हे शास्त्राने अजून पक्के केलेले नाही, पण चमकते हे खरे. ही चमकसुद्धा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. खास कॅमेरा ती टिपतो आणि पडद्यावर दाखवतो. काळ्या रात्री शेतात काजवा दिसावा, तशी ती मसूर पडद्यावर उजळून दिसते.

२०१८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध खात्याने अशा दोन उपकरणांना परवानगी दिली. एक फ्रान्समध्ये बनलेला कॅमेरा. तो गळ्यावर धरतात, खोलीतले दिवे मंद करतात आणि पडद्यावर चित्र पाहतात. दुसरे पेन्सिलीसारखे. संशय असेल त्या जागी त्याचे टोक टेकवायचे, आकडा दिसतो आणि पॅराथायरॉइड असेल तर आवाज येतो. त्याला दिवे घालवावे लागत नाहीत.

याचा गुण किती? फ्रान्समध्ये २४१ रुग्णांवर पाहणी झाली आणि तिचा निकाल २०२० साली छापून आला. नुसत्या डोळ्यांनी ऑपरेशन केले तेव्हा शंभरांतल्या सुमारे बावीस जणांचे कॅल्शियम काही दिवस उतरले. कॅमेरा वापरला तेव्हा नऊ जणांचेच. आक्कांसारखी कायमची उणीव मात्र मुळातच थोड्यांना येते, म्हणून तिच्यात ठाम फरक पडला असे त्या पाहणीवरून म्हणता येत नाही. गुण आहे तो आहे, पण तो जादूचा दिवा नव्हे.

आणि इथेच एक मुद्दा आहे, तो आपल्या निफाडच्या बायकांना इतरांपेक्षा लवकर कळेल. आपण द्राक्षबागेत काम करतो. घड हिरवागार, टपोरा दिसतो, पण देठाला इजा झालेली असते. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन दिवसांनी मणी सुकतात. पॅराथायरॉइडचेही तसेच. तिला रक्त पुरवणारी शीर केसासारखी बारीक. ही वाट कुठून येते, ते हॉल्स्टेड आणि इव्हान्स यांनी १९०७ सालीच दाखवले होते. ग्रंथी जागेवर ठेवली पण देठ तुटला, तर ती वाचली असे म्हणता येत नाही. आणि गंमत अशी की, देठ तुटलेली ग्रंथीसुद्धा त्या प्रकाशात चमकतेच! म्हणजे हा प्रकाश 'मी इथे आहे' एवढेच सांगतो, 'मी जिवंत आहे' हे सांगत नाही.

त्यासाठी दुसरी युक्ती आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग हाताच्या शिरेतून देतात. जिथे रक्त पोचते तिथे तो पोचतो आणि तशाच कॅमेऱ्यात चमकतो. ग्रंथी उजळली तर तिचा देठ शाबूत आहे. काळी राहिली तर रक्त तुटले. जिनेव्हाच्या सर्जनांनी २०१८ साली दाखवून दिले की, ऑपरेशनच्या शेवटी चारांपैकी एक जरी ग्रंथी अशी चांगली रक्त पिताना दिसली, तरी त्या रुग्णांना कॅल्शियमची ददात पडली नाही. पाहा, एक मसूर सबंध घर चालवू शकते!

आणि ग्रंथीचे रक्त तुटलेच तर? तरी ती फेकून द्यायची नसते. सर्जन तिचे बारीक तुकडे करून गळ्याच्या नाहीतर हाताच्या स्नायूत पेरतात. आपण खुंटावर द्राक्षाचे कलम बांधतो, तसेच हे कलम. काही आठवड्यांत त्याला नवे रक्त मिळते आणि पुष्कळदा ते काम करू लागते. पण त्यासाठीही ती वेळेवर ओळखायला हवी. काढलेल्या गाठीबरोबर नकळत बादलीत गेली, तर कलम कशाचे बांधणार? म्हणून मी म्हणते, प्रकाश असो की डोळे असोत, पहिले काम ओळखण्याचे.

आता जिच्यासाठी हा विषय घेतला, तिच्याशी बोलते. ती आज या सभेत बसलेली आहे, नाव घेणार नाही. तिची गाठ वाढते आहे, रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो, म्हणून ती उशा रचून बसून झोपते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, तर ती म्हणाली, "आक्कांचे काय झाले ते मी पाहिले आहे. मला नको." बाई, आक्कांचे काय झाले ते मीही जवळून पाहिले आहे. पण आक्का आज श्वास मोकळा घेतात, आडव्या झोपतात आणि नातवाला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत जातात. गोळ्या घ्याव्या लागतात, हा जाच खराच. पण गळा दाबून बसून झोपणे, हा त्याहून मोठा जाच. भीतीने घरी बसायचे नाही, आणि डोळे मिटून टेबलावरही जायचे नाही. विचारून जायचे. कांद्याचा भाव विचारल्याशिवाय आपण गाडी खाली करीत नाही. मग गळ्याचे विचारायला लाज कसली?

काय विचारायचे, ते भाचीला विचारून मी लिहून आणले आहे.

पहिले, थायरॉइड सबंध काढायची की अर्धी? अर्धी पुरत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या दोन मसुरींना कोणी हात लावत नाही.

दुसरे, हे ऑपरेशन करणारे सर्जन ते नेहमी करतात का? रोज निवडणाऱ्या हाताला खडा लवकर लागतो.

तिसरे, पॅराथायरॉइड कशा ओळखणार? प्रकाशाचा कॅमेरा आहे का? नसला तर पाठ फिरवून येऊ नये. ही उपकरणे महाग आहेत आणि सगळ्या दवाखान्यांत नाहीत. सरावलेला, न घाई करणारा हात हेच आजही पहिले साधन आहे. कॅमेरा त्याचा सोबती. पण विचारल्याने एवढे होते की, आपल्याला या ग्रंथींची काळजी आहे, हे डॉक्टरांना कळते.

चौथे, आधी रक्तातले कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपण सकाळपासून घरात, नाहीतर उन्हात गेलो तरी अंगभर स्कार्फ आणि बाह्यांचे सदरे घालून. पुष्कळींचे डी जीवनसत्त्व कमीच असते. ते आधी भरून काढले, तर पुढचा उतार सोपा जातो.

पाचवे, ऑपरेशननंतर कॅल्शियमची तपासणी केव्हा होणार, आणि किती ग्रंथी दिसल्या, किती राखल्या, हे कागदावर लिहून देणार का? तो कागद जपून ठेवावा.

आणि सहावे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे, पुरुष मंडळींनासुद्धा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली, हात बांगड्या भरताना होतो तसा वळू लागला, तर 'थकवा असेल' म्हणून चहा देऊन निजवू नये. तडक दवाखाना गाठावा, मग रात्र असो की पाऊस. त्यावर औषध आहे आणि ते लगेच लागू पडते. उशीर मात्र होता कामा नये.

भगिनींनो, देवाने एवढ्याशा दाण्यात एवढे काम ठेवले आणि माणसाने तो दाणा शोधायला प्रकाश शोधून काढला. त्यात मुंबईत शिकलेल्या एका बाईचा हात आहे, ही आपणां सर्वांना आनंदाची गोष्ट. आपल्याही मुली शास्त्र शिकोत आणि असेच काही शोधोत. आपल्याकडून होण्यासारखे काम साधे आहे. गळ्याला गाठ दिसली तर पदराखाली झाकू नका, मैत्रिणीला ऑपरेशन सांगितले तर तिच्या सोबत जा, आणि तिच्या वतीने हे सहा प्रश्न विचारा. ज्यांना हवे असतील त्यांनी माझ्याकडून उतरवून घ्यावे. कागद मी सोबत आणले आहेत.